आर्लिसच्या मापाची रायफल

विचारलं आर्लिसने, पण दुकानदाराने रायफल ठेवली तिच्या नवऱ्याच्या पुढ्यात.

"घ्या साहेब, हाताळून बघा. गोफर मारायला याच्यासारखी दुसरी नाही. एका वेळी एकच गोळी घालायची, पण ती जाते तिथे जातेच."

लायलने दोन्ही हात वर केले. "मला कशाला दाखवताय? नेम हिचा. मी गोळी मारली की गोफर बिळातून मान काढून बघतात, कोण पाहुणा आलाय म्हणून."

दुकानदार खो खो हसला आणि पुढेही लायलशीच बोलत राहिला. आर्लिस हाउगीला अठ्ठावन्न वर्षांत अशा माणसांची सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून राग यायचा थांबतो असं थोडंच आहे? त्यात त्या आठवड्यात ती आधीच पेटलेली होती. तिची घोडी, बिर्डी, चारा-कुरणात गोफरच्या, म्हणजे शेतं पोखरणाऱ्या खारीएवढ्या प्राण्याच्या, बिळात पाय जाऊन पडली. पायाचं हाड कातडीबाहेर आलं होतं. तिला संपवायचं काम आर्लिसनेच केलं, लायलच्या रायफलने, आणि त्या रायफलचा खटका उजव्या हाताच्या माणसासाठी असल्यामुळे डावखुऱ्या आर्लिसला तेवढ्यातही हात वळवून झटापट करावी लागली. विष घालायला ती तयार नव्हती. मागे शेजाऱ्याने घातलं होतं, तेव्हा गोफर राहिले बाजूला, तिचा कुत्रा गेला. म्हणून डाव्या हाताला चालेल अशी रायफल शोधत दोघं साठ मैल गाडी हाकत इथे आले होते. मोंटानाच्या त्या भागात साठ मैल म्हणजे शेजारच.

"किंमत का कमी आहे?" आर्लिसने विचारलं.

"दस्ता बघा ना," दुकानदार लायलला म्हणाला. "कुणातरी अडाण्याने कापलाय आणि परत चिकटवलाय. मध्ये ही पांढरी चकती घातलीय. चांगल्या अक्रोडाच्या लाकडाची वाट लावली. नाहीतर साडेसहाशे डॉलरला मिळते होय?"

आर्लिसने रायफल ओढून घेतली. दस्त्यावर हात फिरवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो अडाणी तिचा बाप होता. सेल्मर हाउगी. आर्लिस बारा वर्षांची असताना त्याने ही रायफल आणली. ही एकच अशी मिळाली, जिचा दांडा चापाखाली असतो. तो खाली ओढायचा, गोळी ठेवायची, वर करायचा. डावा काय, उजवा काय, तिला सगळे सारखे. शाळेत मास्तरीण आर्लिसच्या डाव्या हातावर पट्टी मारायची आणि घरी बापाने त्याच हातासाठी रायफल आणली होती. तिचे हात लहान, म्हणून त्याने दस्त्याचा दोन बोटं तुकडा कापला आणि तो फेकला नाही, खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवला. पोरगी वाढली तेव्हा परत चिकटवला. ती आणखी वाढली, बापापेक्षाही उंच झाली, तेव्हा त्याने मधे मेपलच्या पांढऱ्या लाकडाची चकती घातली. "आता थांब बाई," तो म्हणाला होता, "माझ्याकडचं लाकूड संपलं."

ती रायफल दुसऱ्या कुणाच्या खांद्याला बसतच नव्हती. तिचा धाकटा भाऊ ड्वाइट तर बुटका, त्याच्या डोळ्याला रायफलवरची दुर्बीण पोचायचीसुद्धा नाही. पण चार वर्षांपूर्वी बाप गेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटण्या झाल्या, तेव्हा बंदुका गेल्या मुलाकडे. त्या मुलाकडेच जातात, तिकडची रीतच तशी. आर्लिसला मिळालं बटाट्याच्या पोळ्यांचं आजीचं लाटणं. ती काही मूग गिळून बसली नव्हती. तिने सरळ मागितली. ड्वाइट हसला. "तुला कशाला गं? लाटण्याशेजारी टांगायला? बाबांची बंदूक आहे, ती माझ्या पोराला, कोल्टरला जाणार. घराण्यातच राहील." जणू आर्लिस रस्त्यावर सापडली होती!

आणि हे घराणं आता चारशे पाच नंबरची चिठ्ठी बांधून दुकानात पडलं होतं.

"ही आली कुठून?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"अदलाबदलीत. एका गृहस्थाने ती नवीन काळी रायफल घेतली, धडाधड उडणारी. त्यात ही मोडीत दिली. म्हणाला, घरात नुसती अडगळ झालीय."

अडगळ! आर्लिसने दांडा ओढला आणि नळीत डोकावली. आत काजळी साचलेली. बाप रोज संध्याकाळी, जेवणाआधी, नळीतून फडकं फिरवायचा, आणि या नालायकाने चार वर्षांत एकदाही फिरवलं नव्हतं.

"चल," ती लायलला म्हणाली. "माझीच वस्तू मी विकत घेऊ? ते पैसे आधीच त्याच्या काळ्या खेळण्यात गेलेत. वर मी भर घालू? मरू दे."

ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

"संध्याकाळी एक जण बघायला येणारेत," दुकानदार मागून म्हणाला, या वेळी पहिल्यांदाच तिला उद्देशून. "दस्ता काढून नवा बसवू म्हणाले. जुना टाकून देणार."

आर्लिस दारातच थांबली. मग परत आली, रायफल डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने फोन लावला. लायल खुरटी दाढी खाजवत छतावरच्या हरणांच्या शिंगांकडे बघू लागला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, कधी छताकडे बघायचं ते त्याला चांगलं कळत होतं.

"काय गं, सगळं ठीक?" फोनवर ड्वाइट.

"गोफरनी उच्छाद मांडलाय. बाबांची रायफल चार दिवस देतोस?"

मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "दिली असती गं. पण कोल्टरचा फार जीव आहे तिच्यावर. कपाटात कुलूपबंद ठेवलीय. कालच तेल दिलं."

"काल?"

"काल रात्री. अगदी बाबांसारखं."

आर्लिसने फोन काउंटरवर ठेवला, रायफल त्याच्या तोंडाशी नेली, दांडा खाली ओढला आणि वर केला. खट्, खटाक. चाळीस वर्षं बापाच्या घराने तो आवाज ऐकला होता. पहाटे अंगणात तो झाला की ड्वाइट पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा.

"ओळखलास?" तिने विचारलं.

"आर्लिस, अगं, ऐक तरी—"

"तू ऐक. तुझं कपाट माझ्या हातात आहे. नळीत काजळी आहे. तेल कुठे दिलंस, तुझ्या जिभेला?"

"आता त्यात एवढं काय? तुला एवढी हवी होती तर तेव्हा नीट बोलायचं होतंस!"

चोर तो चोर, वर शिरजोर. आर्लिसचे कान तापले. "बोलले होते. तू हसला होतास."

"बरं, बरं. असं कर, तू घेऊ नकोस. दुकानदाराला सांग, ठेवून दे म्हणावं. शनिवारी मी येतो आणि सोडवून नेतो. कोल्टरसाठी. शेवटी बाबांची आठवण, घराण्यातच राहायला हवी ना."

तोवर आर्लिसचं मन खरंच खालीवर होत होतं. एकदा घ्यावी वाटे, एकदा दस्त्यासकट तळ्यात भिरकावावी वाटे. हे वाक्य ऐकलं आणि ते जागेवर आलं. राग थंड झाला नाही, फक्त त्याला बसायला जागा मिळाली.

"कागद काढा," ती दुकानदाराला म्हणाली.

त्याने सरकारी अर्ज काढला, चष्मा नाकावर चढवला. आता तो लायलकडे बघत नव्हता. फोन अजून काउंटरवर तसाच होता, आतून "आर्लिस? आर्लिस?" असं बारीक येत होतं.

"हा प्रश्न मला विचारावाच लागतो, मॅडम," दुकानदार म्हणाला. "रायफल तुम्ही स्वतःसाठी घेताय की दुसऱ्या कुणासाठी?"

"परत विचारा," आर्लिस म्हणाली. "जरा मोठ्याने."

त्याने मोठ्याने विचारलं.

"स्वतःसाठी," आर्लिस फोनकडे बघून म्हणाली आणि मग तो बंद केला. "आणि दस्त्याला हात लावायचा नाही. तो माझ्या मापाचा आहे."