यंत्राचं कपाळ

विज्ञान ही सत्याची उपासना आहे, असं आमचे विभागप्रमुख दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. त्यातली उपासना ते मनापासून करत.

महाराष्ट्र नवा होता आणि बुलढाण्यातलं आमचं कॉलेज त्याहून नवं. बी.एस्सी.च्या भौतिक रसायनशास्त्रासाठी एक पितळी स्पेक्ट्रोमीटर आला होता. स्पिरिटच्या दिव्यात मीठ धरायचं, त्याचा पिवळा उजेड यंत्राच्या बारीक फटीतून आत सोडायचा आणि दुसऱ्या टोकाच्या दुर्बिणीतून सोडियमच्या दोन रेषा बघून त्यांचा आकडा मांडायचा, एवढंच त्याचं काम. आम्ही त्या रेषा फळ्यावर पाहिल्या, पिवळ्या खडूच्या. यंत्र कुलपात असे. बाहेर निघे ते खंडेनवमीला.

पहिल्या वर्षी त्याला हळदकुंकू लावावं कुठे, यावर बराच खल झाला. यंत्राचं कपाळ कोणतं? सरांनी विचारपूर्वक निर्णय दिला: उजेड जिथून आत जातो ते. तेव्हापासून दरवर्षी ओलं कुंकू त्या फटीवर लागत गेलं आणि वाळत गेलं.

माझा एक मित्र धाड गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला नागपूरला एम.एस्सी. करायची होती आणि त्यासाठी फर्स्ट क्लास हवा होता. लेखी पेपर उत्तम गेले होते. प्रात्यक्षिकाला चिठ्ठी उचलली, तर हे यंत्र निघालं. मला द्रवांचा दाटपणा मोजायची काचेची नळी आली. तिची पूजा होत नसे, त्यामुळे ती चालू होती.

तो दुर्बिणीला डोळा लावून बसला. मग दिवा सरकवला, पुन्हा वाकला.

"काऊन बे, काय झालं?" मी हळूच विचारलं.

"मले काहीच दिसून नाही राह्यलं. फट कुंकवानं बुजली हाय."

"पूस ना मंग."

"इचारलं. सर म्हणे, हात लावू नको, बिघडते."

आधीच्या तुकडीतला एकजण दारातूनच हसला. "अबे येड्या, आकडा पुस्तकात हाय. लिहून टाक!"

"पुस्तकात हाय ना. डोयात नाही."

त्यानं लिहिलं: रेषा दिसल्या नाहीत, फट बंद आहे.

बाहेरगावचे परीक्षक चहा घेऊन आले. त्यांनी ते वाचलं आणि भुवया उंचावल्या. सर कडाडले, "याच यंत्रावर सकाळी सगळ्यांना दोन्ही रेषा दिसल्या! तुझ्याच डोळ्यांत दोष आहे."

"सर, तुम्हीच पाहा ना एकदा," तो म्हणाला.

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी घड्याळाकडे. वाकलं कुणीच नाही.

कुंकवावर माझा राग नाही. ओल्या फडक्यानं ते निघालं असतं. पण ज्यांनी डोळाही न लावता दोन रेषा पाहिल्या ते निरीक्षक ठरले, आणि ज्यानं डोळा लावला तो आंधळा. यालाच हे लोक प्रात्यक्षिक म्हणत. आणि त्याच तोंडानं आम्हाला सांगत, की विज्ञानात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. इतकी वर्षं झाली, मला ते अजून पचलेलं नाही.

निकालात त्याला सेकंड क्लास मिळाला. एम.एस्सी. राहिली. परीक्षकांनी जाताना शेरा लिहिला होता: प्रयोगशाळेतील उपकरणे नव्यासारखी आहेत.