सहाव्या दिवसाचं जेवण

"तिकडं आपलं जेवण मिळतं ना?" असं कुणी विचारलं की मॅडम चष्मा काढून कीबोर्डवर ठेवायच्या. मग शांतपणे म्हणायच्या, "जेवण तिथलंच असतं. आपण तिथं गेलेलो असतो." समोरच्याला ही चेष्टा वाटायची आणि तो हसायचा. मॅडम चेष्टा करत नव्हत्या.

चिक्कडपल्लीतल्या आमच्या ट्रॅव्हल कंपनीत इटलीच्या सहली त्या बघायच्या. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. व्हिसाचे कागद, टायपिंग आणि सहलीबरोबर जाणारा किराणा ही माझी कामं. किराणा ऐकून चकित होऊ नका. आमच्या प्रत्येक सहलीबरोबर स्वयंपाकाला एक महाराज जातो, आणि बेगम बाजारातून भरलेली तूरडाळ, पापड, लोणची जातात. रोमला उतरलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी वरणभात मिळतो. आम्ही त्याची जाहिरातही करतो.

मॅडमना त्या जाहिरातीचा भयंकर राग होता. खूप वर्षांपूर्वी, पहिल्यांदाच ग्रुप घेऊन गेल्या असताना, बोलोन्याजवळच्या एका खेड्यात त्यांची बस बंद पडली. तिथल्या एका बाईनं त्यांना घरात बोलावलं, समोर कणीक लाटली, सुरीनं कापली, उकळली आणि वाढली. त्या जेवणाचा विषय निघाला की मॅडमना थांबवणं मुश्कील. "नुसतं लोणी, भाऊ, आणि कसलीशी चार पानं. मसाला नाही, काही नाही." माझ्यापुढं फाइलींचा ढीग असायचा. मी "हौ, हौ" करायचो. खरं सांगतो, वैताग यायचा.

प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या दिवशी दुपारी त्या घरचं जेवण मॅडम लिहायच्या, आणि प्रत्येक वेळी मालक त्यावर काट मारायचे. "मॅडम, लोगां को भात होना. ये नक्को." पुढच्या सहलीला मॅडम पुन्हा लिहायच्या. दोघंही थकत नव्हते. पत्रिका दोनदोनदा टाइप मात्र मला करावी लागायची.

मागच्या वर्षी जामबागेतल्या निवृत्त शिक्षकांचा ग्रुप आला. अठरा जण. मॅडम त्यांच्या मागेच लागल्या. तीन रविवार त्यांना घरी बोलावून स्वतः लाटून, उकळून खाऊ घातलं. खेड्यातल्या बाईंना फोन करकरून, एरवी अंडं घालून मळायची ती कणीक बिनअंड्याची मळायला तयार केलं. त्या बाई आधी रागावल्याच म्हणे. अखेर शिक्षक हो म्हणाले. मालकही म्हणाले, "एक बार देखेंगे. लोगां खुश हुए तो हमेशा रखेंगे. नहीं तो फिर नाम नक्को लेना." मॅडम स्वतः ग्रुपबरोबर निघाल्या.

आता माझं सांगतो. सामान भरताना पत्रिका पुन्हा नीट पाहिली, तर सहाव्या दिवशी जेवण थेट दुपारी दोनला. ग्रुपमधल्या निम्म्यांना शुगर. म्हातारी माणसं तोवर कशी राहणार? महाराजांना बाजूला घेऊन मी म्हणालो, "त्या दिवशी बसमध्ये थोडा पुलिहोरा द्या." चिंच आणि शेंगदाणे जास्तीचे भरले. मॅडमना विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाला चिंचेचा भात बांधून द्यायला आपल्याकडं कुणाला विचारतात का?

पुढचं मला परत आलेल्या एका मास्तरांकडून कळलं. मॅडम पुढं ड्रायव्हरशेजारी बसून त्या बाईंना फोनवर 'येतोय, येतोय' सांगत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं तोवर अठराही जणांनी दोनदोनदा पुलिहोरा घेतला होता. त्या घरी लांब टेबल मांडलेलं होतं. बाई पहाटेपासून लाटत होत्या. आमच्या मंडळींनी चार-चार घास खाल्ले आणि काटे खाली ठेवले. बाई एकेकाच्या ताटाकडं बघत राहिल्या. मॅडमनी आपलं ताट संपवलं, पुन्हा मागून घेतलं, परत मागून घेतलं.

"बघवत नव्हतं, भाऊ," मास्तर म्हणाले. "चांगलं होतं हो ते. पण पोटात जागाच नव्हती."

अभिप्रायाच्या फॉर्मवर सहाव्या दिवसापुढं बहुतेकांनी लिहिलं होतं, 'पुलिहोरा उत्तम.' मालकांनी ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. त्याच महिन्यात मॅडमनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी मी धीर केला. "मॅडम, पुलिहोरा मी सांगितला होता. लोक उपाशी राहतील म्हणून."

"माहीत आहे. महाराजांनी बसमध्येच सांगितलं." त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या. हात थांबवला नाही. "उपाशीच न्यायचं होतं त्यांना, भाऊ."

आजही आठवलं की माझा मलाच संताप येतो.

त्या गेल्यावर आठवड्याभरात पुढच्या सहलीची पत्रिका माझ्या टेबलावर आली. या वेळी कुठंच काट नव्हती. सहाव्या दिवसाच्या दुपारपुढं मालकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, पुलिहोरा. मी ते टाइप केलं आणि चिंच आणायला बेगम बाजारात गेलो.