सगळं कबूल करणारा माणूस

काल्हेरच्या गोदामाची ती आग विझून बरीच वर्षं झाली. मीही खाकी उतरवून घरी बसलो. पण त्या तपासातला एकेक दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कपाटात आहेत. हा गुन्हा मात्र माझ्या हुशारीने उघडकीस आला नाही. मी तर तो जवळजवळ बंद करून टाकला होता. तो उघडला एका तुरुंग हवालदाराने आणि कारागृहात आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एका तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्या दोघांबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. नाव मात्र कुणाचंही घेणार नाही.

तेव्हा मी भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. दुपारी दोनच्या सुमारास काल्हेरहून फोन आला की एका गोदामाने पेट घेतलाय. आत फर्निचर आणि त्याच्या पॅकिंगचा थर्माकोल, वर पत्र्याचं छप्पर. आम्ही पोहोचलो तेव्हा धूर खाडीच्या पुलावरून दिसत होता. जेवणाची सुट्टी असल्यामुळे कामगार बाहेर होते. आत कुणी राहिलंय का हे बघायला म्हातारा वॉचमन एकटाच शटर वर करून शिरला होता. त्याला बाहेर काढलं, पण तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला.

पंचनामा करताना गोदामाचा मॅनेजर सतत माझ्या मागेपुढे होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्या दिवशी देखभालीसाठी लाईट बंद होती, म्हणजे शॉर्टसर्किट नाही. आत काम चालू नव्हतं, म्हणजे अपघात नाही. "साहेब, कुणीतरी मुद्दाम लावलीय," असं तो मला तीनदा म्हणाला. एखादा माणूस एकच गोष्ट तीनदा सांगतो तेव्हा त्याच्याकडे नीट बघायचं असतं, हे मी नव्या फौजदारांना नेहमी शिकवायचो. स्वतः मात्र त्या दिवशी विसरलो.

वॉचमन गेल्यावर प्रकरण पेटलं. वर्तमानपत्रं, पुढारी, वरिष्ठांचे फोन. अशा वेळी तपास अधिकाऱ्याला आरोपी हवा असतो, आणि लवकर हवा असतो. पाचव्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. गोदामांच्या रांगेत चहाची टपरी चालवणारा माणूस बोलत होता.

"साहब, एक आदमी दो दिन से जले हुए गोदाम के पीछे बैठा है. खाता नहीं, पीता नहीं. बोलता है, मैंने जलाया."

आम्ही गेलो. चाळिशीचा, वाळलेला, दाढी वाढलेला माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याच गोदामातला हेल्पर, राहायला टेमघरला. मी खांद्याला हात लावताच तो उठून उभा राहिला आणि दोन्ही मनगटं पुढे केली.

चौकशी अर्ध्या तासात संपली. मारहाण नाही, दमदाटी नाही. ती चौकशी मी पुढे कितीतरी वेळा मनात पुन्हा ऐकली आहे.

"आग तू लावलीस?"

"व्हय."

"कशाने? लायटरने?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग, "व्हय."

"बिडी ओढायला मागे गेला होतास?"

"व्हय."

"मॅनेजर कामावरून बोलला होता, त्याचा राग होता?"

"व्हय, सायेब."

आमचा रायटर भराभर लिहीत होता. प्रश्न माझे होते आणि खरं तर उत्तरंही माझीच होती. त्याने फक्त मान हलवली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पंचांना घेऊन त्याला जागा दाखवायला नेलं. त्याने गोदामाच्या मागचा कोपरा दाखवला. तिथे एक जळका लायटर सापडला. कामगार जिथे बिड्या ओढतात त्या जागी लायटर सापडणारच, एवढा विचार करायची मला गरज वाटली नाही. लायटर सील झाला, पोलीस कोठडीची मुदत संपली आणि त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत, म्हणजे कारागृहात झाली.

त्याची मोठी बहीण पोलीस ठाण्याच्या बाकावर तीन दिवस येऊन बसली होती. खाडीकाठच्या गावची बाई. "सायेब, माझा भाऊ असा न्हाय," एवढंच म्हणायची. प्रत्येक आरोपीची बहीण हेच म्हणते. मी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि आत गेलो.

साधारण दोन महिने झाले. दोषारोपपत्राचा मसुदा तयार होता. एका सकाळी कारागृहातून फोन आला. आवाज तरुण बाईचा.

"साहेब, तुमच्या तपासात मला लुडबुड करायची नाही. पण तुमच्या आरोपीबद्दल बोलायचंय. एकदा येऊन जाल का?"

खरं सांगतो, मला राग आला. कुणीतरी कोवळ्या मनाची बाई आरोपीच्या रडण्याला भुलली असेल, असं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी गेलो, कारण तसंही एका कागदावर तिथल्या अधीक्षकांची सही हवी होती.

कारागृहाच्या दवाखान्याशेजारी एक लहान खोली होती. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला टेकवलेलं मोडकं कपाट. बाईंसोबत एक हवालदार उभा होता. निवृत्तीला आलेला, जाड भिंगांचा चष्मा, पोट सुटलेलं. बाई म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही सांगा. लक्षात तुमच्याच आलंय."

हवालदार अवघडला. कारागृहातल्या हवालदाराला पोलीस निरीक्षकापुढे बोलायची सवय नसते. मग सावकाश बोलू लागला.

"साहेब, पहिल्या आठवड्यात आमच्या बराकीची पाण्याची मोटार जळाली. सुभेदारांनी ओरडून विचारलं, कुणी नळाशी खेळ केला? हा पुढे येऊन म्हणाला, मी जाळली. हा तेव्हा माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. पुढे दोन बंद्यांची मारामारी झाली. एकाचं डोकं फुटलं. हा त्या वेळी दवाखान्यात झोपून होता. परत आला, रक्त बघितलं, आणि म्हणाला, मीच मारलं. पोरं हसायला लागली. कुणाचं काही हरवलं की याला विचारायची, हा हो म्हणायचा. त्यांचा खेळच झाला."

"मग?"

"मला हसू नाही आलं, साहेब. माणूस शिक्षा चुकवायला खोटं बोलतो, हे आयुष्यभर बघितलं. शिक्षा मिळावी म्हणून खोटं बोलणारा पहिल्यांदा बघितला. जेवण दुसऱ्याच्या ताटात टाकायचा. असा माणूस जिवाचं बरंवाईट करून घेतो. म्हणून त्याला माझ्या नजरेसमोर झोपायला लावलं, माझी ड्युटी नसेल तेव्हा दुसऱ्याला सांगून जायचो. आणि हे सगळं तारीख-वार लिहून मॅडमना दिलं."

त्याने खिशातून वहीची चार पानं काढली. अक्षर बोजड, शुद्धलेखनाच्या चुका, पण वेळ, ठिकाण, कोण हजर, सगळं नोंदलेलं. मी नोकरीत वाचलेल्या उत्तम नोंदींपैकी त्या नोंदी होत्या. बराकीत दीडशे माणसं, ड्युटीला मोजके कर्मचारी, आणि त्या गर्दीत या माणसाने एका गप्प बसणाऱ्या बंद्याचं ताट बघितलं होतं.

मग बाई बोलल्या. आधी त्यांनी सांगितलं की आरोपीला विचारून, त्याची परवानगी घेऊनच त्या मला हे सांगत आहेत. मानसोपचार तज्ज्ञांनी त्याला तपासलं होतं. तीव्र नैराश्य. त्यात माणसाला जगातली प्रत्येक वाईट गोष्ट आपल्यामुळेच झाली असं खरोखर वाटू लागतं. मूळ जखम जुनी होती. पूर्वी तो टेमघरला एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग चालवायचा. एकदा अंगात ताप होता म्हणून धाकटा भाऊ त्याच्या शिफ्टला गेला आणि लूमचा शॉक लागून मेला. तेव्हापासून हा आतून मोडलेला होता. गोदामातला म्हातारा वॉचमन त्याला रोज आपल्या डब्यातलं खायला घालायचा. तोही गेला.

"आजारी असेल," मी म्हणालो, "पण आजारी माणूसही आग लावू शकतो."

"शकतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून मी 'तू लावलीस का' हा प्रश्नच त्याला कधी केला नाही. त्याचं उत्तर तो हो असंच देणार. औषधं सुरू होऊन पाच आठवडे झाले, जरा झोपायला, खायला लागला, तेव्हा मी एवढंच विचारलं, की त्या दुपारी तू कुठे बसला होतास आणि तिथून काय काय दिसत होतं? आता तुम्हीच ऐका."

त्याला आणलं. दाढी केलेली, अंगावर थोडं मांस आलेलं. मला बघताच तो घाबरला. हवालदाराने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बस. मला सांगितलंस तसंच सांग."

तो जमिनीकडे बघत बोलला. "मी मागं जेवत व्हतो. वर पत्र्यावर मानूस व्हता. कायतरी जोडीत व्हता. फुलबाज्या उडतात तशा ठिनग्या पडत व्हत्या. पत्र्याच्या फटीतनं आत जात व्हत्या. मंग धूर आला. मला वरडायचं व्हतं, पन आवाज फुटला न्हाय. वाचमनबाबा आत गेला. मी वरडलो असतो तर बाबा ऱ्हायला असता. म्हंजे मीच जाळला ना, सायेब?"

ज्याला मी दोन महिने खुनाचा आरोपी म्हणून आत ठेवलं, तो माझा एकमेव साक्षीदार होता. आणि त्याला काय दिसलं, हे मी विचारलंच नव्हतं.

"छपरावर वेल्डिंग?" मी म्हणालो. "पण त्या दिवशी लाईट बंद होती."

हवालदार चष्मा पुसत म्हणाला, "जनरेटर असेल साहेब. आमच्या इथे गेटचं काम केलं तेव्हा टेम्पोत घालून आणला होता."

पोलीस ठाण्यात परतलो ते सरळ मुद्देमालाच्या खोलीत. समोरच्या गोदामाच्या कॅमेऱ्याचं फुटेज आम्ही पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं होतं. पण ते बघताना आम्ही फक्त या एका माणसाला शोधत होतो. आता कोर्टाच्या परवानगीने त्याची प्रत काढून पुन्हा बघितली. दुपारी एकच्या आसपास एक टेम्पो जळालेल्या गोदामाच्या गेटातून आत जातो, त्यात जनरेटर. आग लागल्यावर दहा मिनिटांत तोच टेम्पो भरधाव बाहेर पडतो. टेम्पोच्या नंबरावरून वेल्डर दोन दिवसांत सापडला. तो बिचारा स्वतःच पोलिसांची वाट बघत असल्यासारखा होता. छपराचा फुटलेला पत्रा जोडायला मॅनेजरने बोलावलं होतं. "नीचे माल है, हटवा दो, मैंने बोला था साहब. वो बोला, टाइम नहीं है, चालू कर." आगीनंतर मॅनेजरनेच त्याला तोंड बंद ठेवायला बजावलं होतं आणि गेटच्या रजिस्टरचं ते पान फाडून टाकलं होतं.

वरिष्ठांपुढे उभं राहणं सोपं नव्हतं. साहेबांनी फाइल मिटली. "चार्जशीटच्या तोंडावर तू मला सांगतोयस की आरोपीच चुकीचा आहे?"

"हो सर. चूक माझी आहे."

त्यांनी मिटलेली फाइल माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "उद्याच अहवाल दे. एक दिवसही जास्त ठेवू नकोस त्याला."

कोर्टाने त्याला मुक्त केलं. कारागृहाच्या दारात बहीण उभी होती. मी तिची माफी मागितली. तिने भावाच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. बाई मात्र तिला एका कागदावर औषधांच्या वेळा आणि सरकारी रुग्णालयातल्या पुढच्या तपासणीचा दिवस लिहून देत होत्या, आणि तिला वाचता येत नाही हे कळल्यावर गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून देत होत्या. सुटकेनंतरही वर्षभर त्या महिन्यातून एकदा त्याची विचारपूस करत होत्या, हे मला नंतर समजलं. ते त्यांच्या कामाच्या कुठल्याही यादीत नव्हतं.

मॅनेजरवर हयगयीने मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा खटला उभा राहिला. सुनावणी लागली तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. हेल्परची साक्ष आधी झाली. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याला सरळ विचारलं, "तुम्हीच आग लावल्याचं पोलिसांना सांगितलं होतं ना?"

तो ताठ उभा होता. "व्हय. तवा मी आजारी व्हतो. आता बरा हाय. ठिनग्या मी डोळ्यांनी बगितल्या."

माझ्या मनात आलं, हा माणूस जन्मात पहिल्यांदा स्वतःची बाजू मांडतोय.

मग मी पिंजऱ्यात गेलो. आमच्या खात्यात एक गोष्ट कुणी न शिकवता अंगवळणी पडते, ती म्हणजे कोर्टात आपला तपास कधी चुकलेला नसतो. वकिलांनाही ते ठाऊक होतं. ते हसत म्हणाले, "म्हणजे निरीक्षक साहेब, तुमचा पहिला तपास सपशेल चुकला होता, असं समजायचं का?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठत होते. मी त्यांना हातानेच थांबवलं. कारागृहातल्या त्या लहान खोलीत एका हवालदाराने आणि एका बाईंनी, माझ्याहून कितीतरी कमी अधिकार हाताशी असताना, एका माणसाचं ऐकून घ्यायचं काम केलं होतं. त्यांच्या कामापुढे मला माझी अब्रू फार लहान वाटली.

"हो," मी म्हणालो, "चुकला होता."

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लघुलेखकाला सांगितलं, "साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे घ्या."

सगळ्या नोकरीत दिलेल्या साक्षींपैकी तेवढी एकच ओळ मला आज तोंडपाठ आहे.