लोंब्यांचं तोरण

सगुणा रस्त्यानं कधी समोर बघून चालत नसे. कडेवर धाकटा बाळू, पदराला धरून थोरली मंगल, डोक्यावर पाटी आणि नजर जमिनीवर. सकाळी ती शाहूपुरीतल्या एका खानावळीत भाकऱ्या थापायला जाई. तयार पीठ घरी आणून काही भाकऱ्या घरीही करी आणि त्या पोहोचवून येताना रिकामी पाटी रिकामी राहू देत नसे. शिरीषाच्या वाळक्या शेंगा, सुरूची बोंडं, नीलगिरीची गळून पडलेली साल असं काहीबाही तिच्या पाटीत येई. एकदा मी विचारलं, "एवढी सुंदर फुलं आहेत झाडावर, ती का नाही घेत?" ती म्हणाली, "झाडावरचं झाडाचं. त्यानं टाकलंय ते माझं."

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी तिला सगुणा म्हणे, ती मला बाई. लाकडाच्या वखारीमागं आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या, मधली भिंत एकच. आई गेल्यावर मी त्या खोलीत राहायला आले. शाळेचं ग्रंथालय सांभाळायचं आणि घरी येऊन पुन्हा वाचत बसायचं, एवढाच माझा दिवस. आठवडाभर तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं असावं. मग एका संध्याकाळी दारात उभी राहून तिनं माझ्या खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बाई, तुमची खोली लई गप हाय ओ." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर दाराशी मान फुटलेल्या बरणीत उसाचे तीन तुरे उभे होते. दिवाबत्तीच्या वेळी त्यांची सावली पुस्तकांवर पडली, तेव्हा खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटलं.

तिच्या स्वतःच्या खोलीत विकत आणलेलं असं फार थोडं होतं. भांडी मोजकी, एक ट्रंक, एक पाळणा. पण भिंतींवर गेरूचा हात दिलेला, त्यावर तांदळाच्या पिठात बोटं बुडवून काढलेल्या वेली. वाळक्या भोपळ्याच्या कवटीत चमचे. खिडकीला सुरूच्या बोंडांची माळ. हे सगळं ती बाळूला पायांवर निजवून, एका हातानं थोपटत करी. आणि विशेष म्हणजे दर आठवड्याला त्यात काहीतरी बदले. गल्लीतल्या बायका हसत. "सगुणे, दर आठवड्याला दिवाळी हाय व्हय गं तुझ्यात?" ती म्हणे, "व्हय की. पावणा येतोय न्हवं!"

हा पाहुणा म्हणजे तिचा नवरा, महिपती. तो इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला होता. तिथं चार-पाच जणांत मिळून एक खोली, कापसाच्या कणांनी भरलेली हवा, पाळीचं काम. पोरांना ते सोसणार नाही म्हणून त्यानं बिऱ्हाड कोल्हापुरात ठेवलेलं. आठवड्याच्या सुट्टीला तो येई. उंच, वाकलेला, भुवयांवर कापूस चिकटलेला माणूस. जेवे, बाळूला पोटावर घेऊन झोपे आणि उठला की परतीच्या गाडीची वेळ झालेली असे. तो फारसा बोलत नसे. मला वाटे, स्वभावच तसा असेल.

खरं काय ते मला शिरीषाच्या शेंगांमुळं कळलं. त्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात. सगुणानं त्यांचा एक झुबका दारावर टांगला होता आणि मंगल त्यावर इतकी खूश होती, की आण्णा कधी येतात असं तिला झालं होतं. महिपती आला तेव्हा मी पाणी भरत होते. मंगल त्याचा हात ओढत ओरडली, "आण्णा, ऐका की, कसं वाजतंय!" त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग झुबक्याकडं बघितलं, मान डोलावली आणि हसून म्हणाला, "व्हय गं, लई ग्वाड वाजतंय." त्या वेळी वारा पूर्ण पडलेला होता. एकही शेंग हलत नव्हती.

मंगलला ते उमगलं नाही. सगुणा उंबऱ्यात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी झुबका दारावर नव्हता. तिनं तो माझ्या खिडकीला आणून बांधला.

"मागाच्या आवाजानं कान गेल्यात मालकांचं," ती म्हणाली. "थोडं थोडं जात हुतं ते ठावं हुतं मला. येवढं गेलंय, ह्ये काल कळलं."

"मग मोठ्यानं बोलत जा," मी म्हटलं. पुस्तकं वाचणारी माणसं देतात तसलाच हा सल्ला.

ती हसली. "भाकरी वाढू का, पोरगी आजारी हाय, ह्ये वरडून सांगतोयच की बाई. पण मनातलं कसं वरडायचं? तुमच्याशिवाय करमत न्हाय म्हणून? समदी गल्ली ऐकंल!" मग पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, "म्हणून ह्ये असलं करतोय. कान गेलं, पर डोळं हायत न्हवं."

त्यानंतर तिची खोली मला वेगळी दिसू लागली. भिंतीवरच्या वेलीला एखादं नवं पान फुटलेलं दिसलं, की वाटे, हे तिनं काही म्हटलेलं आहे आणि ते आपल्याला म्हटलेलं नाही. मी नजर वळवत असे. महिपतीनं मात्र ते कधी वाचलं, असं दिसलं नाही. तो येई, जेवे, झोपे, जाई. तो गेल्यावर मी विचारी, "काय म्हणाले?" तिचं उत्तर ठरलेलं असे. "दमल्यात. फुडच्या खेपंला बघतील."

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कागलकडच्या तिच्या माहेराहून भाऊ भाताच्या लोंब्यांची पेंढी घेऊन येई. त्याचं तोरण हे तिचं सर्वांत मोठं काम. पेंढी आली की ती बाकी सारं टाकून बसे, कारण लोंबी जरा ओली असतानाच वळावी लागते. ओल्या फडक्याखाली पेंढी ठेवायची, एक एक लोंबी काढायची, तिच्याच काडीचा पीळ घालून दुसरीत अडकवायची. दोरा नाही, तार नाही. "वाळल्यावर हात लावला, तर दाणं खाली आन् काड्या हातात," ती मंगलला सांगे. तोरण दारावर चढलं की चिमण्या येत. महिना-दीड महिन्यात दाणे संपत, पण नुसत्या काड्यांचं तोरणही ती उतरवत नसे. "जेवून गेल्याली माणसं हायत. लगीच पत्रावळ उचलू ने," म्हणे.

एका वर्षी त्या तोरणाखालून महिपती वाकून आत गेला. उंच माणूस, त्याला वाकावंच लागे. वाकताना त्याच्या केसांत दोन-चार दाणे अडकले. तो तसाच झोपला आणि तसाच परत गेला. सगुणा त्याला कोपऱ्यापर्यंत पोहोचवून आली आणि माझ्या दारात टेकली. पहिल्यांदाच तिचा आवाज पडलेला होता. "बाई, भिंतीसंगं बोलल्यागत वाटतंय ओ कवाकवा." मी उठून चहा केला. वारा सुटला होता आणि माझ्या खिडकीतल्या शेंगा वाजत होत्या. आम्ही दोघी त्या ऐकत बसलो.

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. अंगावर काढली, भाकऱ्या थापायला जातच राहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. महिपती येऊन पोहोचला, तेव्हा तिला शुद्ध नव्हती. तो खाटेजवळ बसून तिच्या ओठांकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत तो माणसांच्या ओठांवरूनच ऐकत आला होता. ते ओठ पुन्हा हलले नाहीत.

त्यानं मागाचं काम सोडलं आणि वखारीत लाकडं उचलण्याच्या कामाला लागून पोरांजवळ राहिला. भिंतींवरचा गेरू तसाच होता. वेलींना नवी पानं येत नव्हती. मधल्या भिंतीपलीकडून आता थोपटण्याचा आवाज येत नसे. पुस्तक उघडून मी त्याच पानावर बसून राही.

दिवाळीच्या आधी सगुणाचा भाऊ नेमानं पेंढी घेऊन आला. डोळे पुसत ती दारामागं टांगून गेला. ती तशीच टांगलेली राहिली, वाळून खडखडीत झाली. एका सुट्टीच्या सकाळी मी बाजारातून आले, तर महिपती उंबऱ्यावर बसून तोरण वळत होता. मोठाली, सोललेली बोटं. पीळ मात्र तोच, सगुणा घालायची तो. एका काडीत दुसरी अडकवण्याची तीच रीत. ती त्याला कुणी शिकवली नव्हती. आम्ही त्याला झोपलेला समजत होतो, तेव्हा तो ते बघत पडलेला असला पाहिजे. पण लोंब्या वाळक्या होत्या. तोरण दारावर चढेपर्यंत त्यात काड्याच उरल्या, आणि दाणे सगळे उंबऱ्यावर सांडले.

मंगल केरसुणी घेऊन आली. बापाच्या समोर बसून, तोंड स्पष्ट हलवत म्हणाली, "आण्णा, आई वल्ल्या लोंब्या घ्यायची."

त्यानं तोरणाकडं बघितलं. आणि मग हा कधी न बोलणारा माणूस बोलला. आपला आवाज केवढा निघतो आहे, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. "बघत हुतो की मी! दर खेपंला बघत हुतो! शेंगा बघितल्या, भिंती बघितल्या, समदं बघितलं! तेवढ्यासाठीच येत हुतो!"

साऱ्या गल्लीनं ते ऐकलं. कोपऱ्यावरचा सायकलवाला पंप मारायचा थांबला. समोरच्या बायका दारांत आल्या, पण कुणी हसलं नाही. माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली.

मंगलनं केरसुणी भिंतीला टेकवली. थोड्या वेळानं कौलांवरून एक चिमणी उंबऱ्यावर उतरली, मग आणखी चार-सहा. त्यांनी एकच चिवचिवाट मांडला. महिपतीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं हळूच पाय पोटाशी ओढून घेतले आणि त्या उडू नयेत म्हणून दाणे संपेपर्यंत तो हलला नाही.