मथळ्यातल्या पट्ट्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ओळखीच्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही — तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला.

बेचाळीसच्या चळवळीत मी नगरच्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. शेजारी शमुवेल — भिंगारचा, माझा दोस्त. त्याच्या डब्यातली भाकरी मी हक्कानं खायचो. त्याची एक खोड होती. आधी इंग्रजी जुळणी शिकलेला, त्यामुळे मराठी मथळ्यातही तो दोन अक्षरांमध्ये कागदाची बारीक पट्टी सरकवायचा. मथळा ऐसपैस दिसायचा, पण अक्षरांवरची रेघ जागोजागी तुटायची. आम्ही टर उडवायचो, मालक ओरडायचे. हा हसून पुन्हा तेच करायचा.

आता पुढचं — कसं सांगू?

मालक जेवायला गेले की मी चोरून चळवळीची पत्रकं जुळवायचो. देशप्रेम होतं, ते खोटं नव्हतं. पण भीती त्याहून मोठी. मथळा बघून मालक जुळणाऱ्याचा हात ओळखत, हे मला ठाऊक होतं. मग मला सगळेच खबरे वाटायला लागले — मालक, कागदवाला, शमुवेलसुद्धा. तोच एक दिवस माझं नाव सांगणार, असं मनानं घेतलं. कशावरून? कशावरूनही नाही. आणि एका दुपारी मी पत्रकाच्या मथळ्यात पट्ट्या घातल्या. अगदी त्याच्यासारख्या. मुद्दाम.

फौजदार ते पत्रक घेऊन आला. मालकांनी मथळ्यावर बोट ठेवलं. "शमुवेल, ही जुळणी तुझीच हाय."

"माझी न्हाई, मालक." एवढंच म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिळे निवडत राहिलो — कुठले, देव जाणे.

तो तुरुंगात गेला. सुटल्यावर कुठल्याच छापखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही. भिंगारच्या बाजारात हमाली करू लागला. त्याला कळलं असेल का? वर्षानुवर्षं मी हेच चाचपत राहिलो. रस्त्यात भेटून तो हसला, तरी त्या हसण्याचा मला संशय यायचा.

स्वातंत्र्यानंतर एकदा तो बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आमच्याकडे आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मथळ्यात पट्ट्या घालू का?"

"नको," तो म्हणाला. "माझी सवय कवाच मोडली. तुझी न्हाई मोडली व्हय?"

मी मान खाली घालून पत्रिका जुळवली, छापली, त्याच्या हातात दिली. ते पत्रक माझं होतं, हे मी तेव्हाही म्हणालो नाही.