अंग पुसणारी मावशी

वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. वय जेमतेम चौतीस, पण आयाबाईला नाव कुठे असतं? अंथरुणाला खिळलेल्यांची अंगं पुसायचं काम तिच्याकडे. आधी खाटेभोवती पडदा ओढायचा, मग मानेपर्यंत चादर, आणि चादरीखालून एकेक हात, एकेक पाय बाहेर काढून कोमट पाण्याने पुसायचा. कुणाचं उघडं अंग तिने कधी दुसऱ्याच्या नजरेला पडू दिलं नाही, की बाहेर कुणाबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि तिचाच फोटो सगळ्यांच्या फोनवर गेला.

याच वॉर्डातल्या ब्रदरशी, म्हणजे पुरुष नर्सशी, तिचं जमलं होतं. तो लग्नाचं टाळत राहिला, तिने संबंध तोडले. मग त्याने दोघांचा तो खासगी फोटो पाठवून दिला. त्यात त्याचंही तोंड स्वच्छ दिसत होतं. पण लोकांचे डोळे बघा, त्यांना बाई तेवढी दिसली. "पुरुषमाणूस आहे, घसरतो पाय एखाद्या वेळी," हेडसिस्टर म्हणाली. मावशीला मात्र, "तुला लाज कशी नाही वाटली गं?"

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मास्तरांच्या मुलाने तर तक्रारच केली. "असल्या बाईचा हात माझ्या वडिलांना लागता कामा नये." हाच गृहस्थ आदल्या दिवशी औषधाच्या दुकानापाशी तो फोटो चवीचवीने दाखवत होता. तिने स्वतः पाहिलं होतं.

तिची रवानगी खाली धुलाईखोलीत झाली. पुढच्या महिन्यात तेही काम राहील की नाही, कुणी सांगेना. आणि मास्तरांचं अंग पुसायला नेमलं कुणाला? ब्रदरला! याला काय म्हणावं?

एक दिवस ती धुतलेल्या चादरी घेऊन वर आली. भेटीची वेळ होती, वॉर्ड पाहुण्यांनी भरलेला. मास्तर खाटेवर पूर्ण उघडे पडले होते. पडदा नाही, चादर नाही. ब्रदर अर्धवट पुसून फोनवर बोलायला बाहेर गेला होता. म्हातारा दोन्ही हातांनी स्वतःला झाकायला बघत होता आणि हात पुरत नव्हते. मुलगा दारातच थिजला होता.

"मावशी, बघा ना जरा," तो कसाबसा म्हणाला.

"बघून झालं ना सगळ्यांचं," ती म्हणाली. पण बोलता बोलताच तिने मास्तरांवर चादर टाकली, पडदा ओढला आणि राहिलेलं अंग पुसून दिलं. मास्तर रडत होते. तिलाही रडू येत होतं, रागाने.

बाहेर हेडसिस्टर उभीच. "तुला वॉर्डात यायला कुणी सांगितलं होतं? ब्रदरला कामाचा किती ताण असतो, कळतं का काही?" मावशी खाली निघाली.

जिन्यात मुलाने तिला गाठलं. "मावशी, बाबांचं हे कुणाला सांगू नका हं. फार मान आहे त्यांना."

"मी कुणाचंच सांगत नाही," ती म्हणाली. मग त्याच्या खिशातल्या फोनकडे बघत तिने विचारलं, "माझा फोटो आहे का अजून त्यात?"

त्याने खिशावर हात ठेवला.