पाठ द्यायची, तोंड नाही

कोलांटीमामांना हल्लीचे सिनेमे बघितले की शिसारी येते. नुसता कंटाळा नव्हे, शिसारी. भाजीत केस निघाल्यावर येते तशी. पडद्यावर एखादा विसाव्या मजल्यावरून रस्त्यावर आदळतो, रस्त्याला भेग पडते, आणि हा पठ्ठ्या खांद्यावरची धूळ झटकून चालू लागतो. "धूळसुद्धा खोटी!" मामा घरातल्या टीव्हीवर खेकसतात. "अरे, पडल्यावर माणूस आधी आईला हाक मारतो. ह्याला आई नाही का?"

त्यांना बोलायचा हक्क आहे. सगळं उमेदीचं वय ते दुसऱ्यांच्या नावाने पडले. नायकाचा कोट अंगात घालून जिन्यावरून, घोड्यावरून, चालत्या ट्रकवरून. अजून जेवताना त्यांचा जबडा कटकट वाजतो. गल्लीने ठेवलेलं कोलांटी हे नाव असं चिकटलं की खरं नाव आता घरच्यांनाही आठवून सांगावं लागतं. जगात पाठ दाखवणाऱ्याला भेकड म्हणतात. त्यांच्या धंद्यात उलटं. पाठ द्यायची, तोंड नाही, हा पहिला धडा. कॅमेऱ्यात तोंड दिसलं की पडणारा नायक नव्हे हे उघड होतं, आणि हाडं मोडून घेऊन केलेलं काम मातीमोल.

मामांचं तोंड एकदाच दिसलं. एका सिनेमात लाकडी जिना होता. वरची पायरी ठरल्याआधीच मोडली आणि मामा गर्रकन फिरून, कॅमेऱ्याकडे तोंड करून खाली आले. एक गुडघा त्यात कायमचा वाकडा झाला. जिन्याचे तुकडे झाले होते, दुसरा बांधायला सवड नव्हती, म्हणून दिग्दर्शकाने तेच ठेवलं. बघता बघता संपतं ते. पण तेवढ्यात डोळे विस्फारलेला, तोंड वासलेला, खराखुरा घाबरलेला एक पोरगेलासा माणूस दिसून जातो. फाइट मास्तरांनी मामांना सगळ्यांसमोर सोलून काढलं. मामींनी मात्र तो सिनेमा टीव्हीवर लागला की शेजारपाजार गोळा करायचा नेमच धरला. "आता बघा हं, आता आमचे हे येतात!"

"अगं, चूक आहे ती," मामा चिडायचे. "चुकीचा कसला डांगोरा पिटतेस?"

आणि नशिबाची थट्टा बघा, ह्यांची सून नव्या सिनेमांच्याच कामात. तिचं काम पुसायचं. संगणकावर बसून नटांना लटकवणाऱ्या तारा पुसायच्या, खाली अंथरलेल्या गाद्या पुसायच्या. "आमची सून पुसायचं काम करते," असं मामी एकदा कौतुकाने म्हणाल्या, तेव्हा शेजारणीने विचारलं होतं, आमच्याकडे फरशीला येईल का? पोरगी गुणी आहे, हे मामाही मान्य करतात. तिच्या कामाला मात्र नाक मुरडतात. "तारा पुसतेस ते ठीक गं. पण माणसाची भीती कशाला पुसता?"

एका संध्याकाळी मामी गच्चीवर कपडे काढायला गेल्या, तेव्हा सुनेने मामांना स्वयंपाकघरात गाठलं. तो जिन्याचा सिनेमा नवा करून पुन्हा थिएटरात लावणार होते. डाग काढून, ओरखडे काढून, चुका काढून.

"बाबा, तुमचं पडणं माझ्याकडे आलंय," ती म्हणाली. "तुमच्या जागी हीरोचा चेहरा बसवायचाय. मी साहेबांना नाही म्हणून सांगते. तुम्ही फक्त सांगा."

जगाने मामांचं तोंड पाहिलं होतं ते तेवढंच. 'राहू दे' अगदी जिभेवर आलं. पण जन्मभर ज्याला चूक म्हटलं, त्याची वकिली आता कशी करायची? गुडघा वाकडा झाला तरी ताठा शाबूत होता.

"पूस," ते म्हणाले. "चूक ती चूक. विचारायचं काय त्यात?"

"आणि आईंना काय सांगायचं?"

"तिला काय कळतंय! डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं."

सून काहीतरी बोलणार होती, पण मामी कपड्यांचा ढीग घेऊन आत आल्या.

सिनेमा लागला तसे तिघं दुपारच्या खेळाला गेले. मामींनी ठेवणीतले कपडे काढले होते. चित्र इतकं लख्ख केलं होतं की मामांना मळमळायला लागलं. नायिकेच्या हनुवटीवरची पुटकुळी गेली होती. भर उन्हातली मारामारी, आणि कुणाला घाम म्हणून नाही. मागे कधीच नव्हते ते डोंगर उगवले होते. "मेल्यांनी प्रेताला पावडर फासलीय," मामा पुटपुटले. सून खाली मान घालून बसली होती.

जिना आला. मामींनी पलीकडच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसलं. "आता बघा हं, आता आमचे हे येतात!"

पायरी मोडली. अंग गर्रकन फिरलं. आपटणारा गुडघा मामांचा, हवेत धडपडणारे हात मामांचे, आणि मानेवर नायकाचं गुळगुळीत तोंड. भांग जागच्या जागी, ओठांवर मंद हसू. हाडं मोडताहेत एकाची आणि हसतोय दुसरा! मामांना आयुष्यात इतकी किळस कशाची आली नव्हती. त्यातली निम्मी स्वतःची होती, कारण 'पूस' म्हणाले होते तेच.

"कुठे? मला नाही दिसले," पलीकडची बाई म्हणाली.

मामी पडद्यावरची नजर काढेनात. "अहो," त्या म्हणाल्या, "गेलात कुठे तुम्ही?"

"हा काय, शेजारीच बसलोय," मामा कसेबसे म्हणाले आणि त्यांचा हात धरायला गेले.

मामींनी हात काढून घेतला.

"तुम्ही नव्हे हो. तो. तो कुठे गेला?"